आईचा अंगठा

ठाकरवाडीवर दरड कोसळली, त्याच्या तिसऱ्या दिवशी लोणावळ्याहून एक कारकून तान्ह्या पोरांसाठी विलायती दुधाचे डबे घेऊन आमच्या कुरवंड्याच्या चावडीत बसला. बहिरू ठाकराची बायको चिमा दरडीखाली गेलेली. आठ दिवसांची पोर फडक्यात गुंडाळून तो पुढं झाला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बहिरूनं अंगठा पुढं केला, तर कारकून म्हणतो, "बापाचा चालत नाही. आईचाच लागतो."

मी पाटलाची आई. आजवर चावडीची पायरी चढले नव्हते, त्या दिवशी चढले.

"आई जित्ती असती तर तुझ्या डब्याला कुणी इचारलं असतं का रं?"

"आजी, नियम आहे."

मी त्याच्या शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला.

"घे. मी हिची आई."

"नाव?"

"मुक्ताबाई."

"वय?"

"बासष्ट."

मेल्यानं मान वर न करता सगळं लिहून घेतलं आणि डबा पुढं सरकवला. बासष्टाव्या वर्षी बाळंत होणं त्याच्या नियमात बसत होतं.