नळावरचा नंबर

त्र्याहत्तर साली मी नवा कॅमेरा घेतला, तेव्हा आई चार वर्षं अंथरुणात होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा समोर धरला, की ती पदर तोंडावर ओढायची.

"माजं काय बघायचंय? नळावर काय चाललंय ते काडून आण की. शेजारची नागूबाई अजून मधीच घुसती का बघ."

म्हणून मी शुक्रवार पेठेतले फोटो काढत राहिले. पायरीवर झोपलेली शेळी, वाळत घातलेल्या चादरी, घागरींची रांग. प्रत्येक फोटो ती डोळ्यांजवळ धरून बघायची.

एके सकाळी नळावरचा फोटो काढून घरी आले, तर ती उशीला टेकून बसली होती. पदर नीट केलेला.

"घे, आज माजा काड."

तिचं मन बदलायच्या आत मी बटण दाबलं.

रोल धुवायला टाकायच्या आधीच ती गेली.

स्टुडिओवाल्याने फोटो पुढे सरकवला. "ताई, नळाचा काढल्यावर रोल फिरवायचा राहिला तुमचा. त्याच्यावरच आईंचा उमटलाय. दोन्ही वाया गेले. दुसरा असला तर द्या, मोठा करून देतो."

दुसरा नव्हता. मी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हटलं, "हाच मोठा करा."

चार वर्षांत उंबरा न ओलांडलेली आई घागरींच्या रांगेत बसली होती, नागूबाईच्या पुढे.