गाठोड्याची चादर

नव्या चादरींचे नमुने बुद्धप्रियानं आईच्या जुन्या चादरीत बांधून आणले होते. अक्कलकोट रोडवरच्या नव्या हॉटेलाच्या मालकांसमोर गाठोडं सोडून ती सुताचा दर्जा, वजन, रंगाची हमी, सगळं घोकल्यासारखं सांगू लागली. ते मान डोलवत होते. हात मात्र जुन्या चादरीवरून फिरत होता, निजलेल्या मांजरावरून फिरावा तसा. बाहेर दुपार सुस्तावली होती, लांबून मागांचा ठेका अंगाईसारखा येत होता. त्यांचे डोळे मिटत आले. “सगळ्या खोल्यांना हीच द्या,” ते पुटपुटले. ‘हो’ तिच्या ओठांवर आलं, पण तिनं गिळलं. “ही विकायची नाही, साहेब. आईनं वीस वर्षं धुतली, तेव्हा कुठं इतकी मऊ झालीय. नव्या राठ लागतील.” हात थबकला. त्यांनी डोळे उघडले. “म्हणजे वीस वर्षं टिकते की! नव्याच पाठवा. मऊ आमचे पाहुणे करतील.”