मंजिष्ठेचा कच्चा रंग

“याला लाल म्हणायचं, बाबा?” पिळलेल्या पडद्याचं टोक नाचवत लेकीने विचारलं.

रंगवलेलं लिनन याही वेळी धुताच फिकं पडलं होतं. रंगाऱ्याने डोकं खाजवलं.

“मंजिष्ठेची मुळंच जुनी निघाली. पुन्हा रंगवू.”

“मागच्या खेपेला पाण्याचा दोष, त्याआधी कापडाचा. लोकांचे बंगले सजवता आणि पोटच्या पोरीला असले पडदे?”

परदेशातल्या नव्या घरात तिचा नवरा बिनपडद्यांच्या खिडक्यांपाशी ऊन खात बसला होता. कधी येतेस, म्हणून रोज फोन करायचा. बाबांच्या हातचे पडदे घेतल्याशिवाय त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. पडदे झाले की ती जाणार, आणि मग इथे रंगारी एकटा.

म्हणून तो लबाडी करत होता. मंजिष्ठेचा रंग कापडात मुरायला आधी तुरटीचं पाणी लागतं. ती तुरटीच तो घालत नव्हता. नुसत्या पाण्यात कापड उकळायचा आणि रंग उतरला की असा चेहरा पाडायचा, की कोणालाही दया यावी. लेकीला मात्र येत नव्हती. तुमचा हात गेला, म्हणून येताजाता टोमणे मारायची. ते टोमणेही त्याला हवेहवेसे वाटायचे.

एकदा ती फोनवर बोलताना त्याच्या कानावर पडलं. “चिडू नकोस रे. बाबा जीव ओतून करतायत. माझ्यासाठी ते कसर ठेवणार नाहीत.”

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक कारखान्यात गेला, तुरटीचा डबा उघडला आणि डोळे पुसत दोन मुठी उकळत्या पाण्यात टाकल्या. मग उत्तमातली उत्तम मंजिष्ठ काढली. लेक जायची तर जाऊ दे, पण पडदे असे नेईल की बघणारे बघत राहतील.

लेकीसमोर कापड धुतलं. रंग पुन्हा वाहून गेला.

आता मात्र तो खरोखरच चक्रावला. त्याने डब्यातला एक खडा जिभेवर ठेवला.

“अगं, ही तर खडीसाखर!”

लेकीचा चेहरा लालबुंद झाला. ती डब्यात डोकावली. डबा जवळजवळ काठोकाठ भरलेला होता. तिने हळूच मान वर केली.

“म्हणजे बाबा, मी साखर भरल्यापासून तुम्ही डबा उघडलाच नव्हता?”