वरच्या टेबलासाठी पुस्तक

चष्मेवाल्याच्या दोन हातांत दोन पुस्तकं होती आणि दोन्ही त्याला सारखीच नालायक वाटत होती. उजव्या हातातलं जाडजूड, आकड्यांनी आणि तक्त्यांनी खच्चून भरलेलं. डाव्या हातातलं पातळ, पण किमतीला दुप्पट. समोरच्याचा चेहरा कसा वाचावा, हे शिकवणारं. पोकरच्या पुस्तकांना या दुकानात एकच फळी होती, बुद्धिबळ आणि बागकाम यांच्या मध्ये दाटीवाटीने. त्या फळीवर मिळणारी बाकीची सगळी पुस्तकं त्याच्या घरी पलंगाखाली जाऊन पडली होती.

सगळी वाचून झाली होती, तीही खुणा करकरून. त्यांच्या जोरावर क्लबातल्या खालच्या टेबलावर तो राजा झाला होता. तिथे लोक गंमत म्हणून खेळत, हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत पैसे लावत, आणि हा चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसून त्यांना सोलून काढी. त्याच गुर्मीत तो जिना चढून वरच्या टेबलावर गेला आणि तोंडघशी पडला. वर कोणी उगाच पैसे लावत नाही. वर जिंकायचं तर हातात काही नसताना खूप काही असल्याचा आव आणावा लागतो. हा आव आणायचा, आणि समोर बसलेली भूल देणारी डॉक्टरीणबाई क्षणभर त्याच्याकडे बघून खुशाल पैसे पुढे सरकवायची. पत्ते उघडले की याचं पितळही उघडं. बरं, खरोखर चांगले पत्ते आले की सगळे आपापले पत्ते टाकून मोकळे व्हायचे. म्हणजे दोन्हीकडून मरण.

या सगळ्याचा त्याला भयंकर राग येत होता. स्वतःचा, डॉक्टरीणबाईचा आणि पुस्तकं लिहिणाऱ्या शहाण्यांचा. चष्म्याच्या काचा घासायचं नवं मशीन घ्यायला म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतले निम्मे त्या जिन्याने वर गेले होते, ते खाली आलेच नव्हते. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

बायको शेजारीच उभी होती. चष्म्याच्या दुकानाचा गल्ला तीच सांभाळायची. आज दुकान बंद, म्हणून त्याच्याबरोबर आली होती. बागकामाचं एक पुस्तक चाळून तिने जागच्या जागी ठेवून दिलं होतं.

मोठ्या खेळासाठी या दोहोंतलं कुठलं बरं, असं चष्मेवाल्याने पुस्तकवाल्याला विचारलं. पुस्तकवाला म्हणाला, आपल्याला पत्त्यांतलं काही कळत नाही, पण जाड पुस्तक नेलेलं गिऱ्हाईक बहुतेक पातळ न्यायला परत येतं. आणि पातळ नेलेलं? ते जाड न्यायला येतं. चष्मेवाल्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"फालतूपणा आहे सगळा," तो बायकोजवळ पुटपुटला. "दुसऱ्याचे हात बघा, दुसऱ्याचे डोळे बघा. त्या लोकांना माझं काय दिसतं, ते एकाही पुस्तकात नाही."

"कसं असेल?" बायको म्हणाली. "ते फक्त तुमचं आहे."

"काय माझं आहे?"

"थाप मारताना तुम्ही करता ते."

तिने मग भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं. लग्न झालं त्या वर्षीच तिच्या लक्षात आलं होतं. सासूबाईंना तर त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. एखाद्या गिऱ्हाइकाला न शोभणारी फ्रेम शोभते म्हणून सांगताना तो दुकानात रोज तेच करतो. इतकी वर्षं हा गडी पुस्तकं पलंगाखाली ढकलत होता आणि उत्तर पलंगावर झोपत होतं.

मग त्याची विनवणी सुरू झाली. नाक का? भुवया? आवाज बदलतो का? ती प्रत्येक वेळी नुसती मान हलवत राहिली. समोरच्या काचेच्या कपाटात त्याने स्वतःला निरखून पाहिलं, पण तिथे एक वैतागलेला, पोट सुटलेला माणूस होता, बाकी काही दिसेना.

"अगं, एवढं एक सांग. मग एकही पुस्तक घेत नाही."

"नाही सांगणार."

"का पण?"

"सांगितलं तर तुम्ही ते करायचं थांबवाल," ती हळूच म्हणाली. "आधीच सांगितलं असतं, तर मशीनच्या पैशांचं मला कसं कळलं असतं?"

त्याचे कान तापले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यालाही उलट ओरडता आलं असतं. पण तिचा आवाज तसाच शांत राहिला. पुस्तकवाल्याला नको ते ऐकल्यासारखं झालं आणि त्याने उगाच पावतीपुस्तक सरळ केलं. चष्मेवाल्याने दोन्ही पुस्तकं समोरच्या टेबलावर ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "नकोत ही पुस्तकं. आजपासून मी वर जाणं सोडलं. या वर्षी आपण मशीन घेऊ."

बोलता बोलता त्याला स्वतःलाच भरून आलं. इतकं मनापासून तो कित्येक वर्षांत काही बोलला नव्हता. यातला शब्दन् शब्द खरा आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, डॉक्टरीणबाई बघायची तसंच. मग तिने खांद्यावरची पिशवी उतरवून उघडली आणि ती पुस्तकवाल्याकडे वळली.

"दोन्ही द्या," ती म्हणाली.