बारक्यासाठी खाट

"व्यापारी आलाय," बाबांनी हाक दिली, तशी आई हातातलं काम टाकून बारक्याच्या खोलीत आली.

कम्प्युटरच्या स्क्रीनवर खेळातला, डोंगरात कोरलेला किल्ला होता. अभ्यासाच्या नावाने शंख, पण हा किल्ला मात्र बारक्याने जिवाचं रान करून बांधला होता. बोटाच्या पेराएवढी माणसं त्यात राबत होती. दगड कोरणाऱ्याला त्याने 'बाबा' हे नाव दिलं होतं, स्वयंपाकिणीला 'आई', आणि ओझी वाहणाऱ्या एकाला स्वतःचं. खरा बारक्या तापाने गेला होता. इस्पितळात बेड रिकामा नव्हता. बाबांनी दिसेल त्याच्यापुढे हात जोडले, पण बारक्या शेवटपर्यंत व्हरांड्यातल्या फरशीवरच होता.

बाबा खरोखरच दगडाचं काम करायचे. ओटे, पायऱ्या, फरश्या. घासाघीस करणारी गिऱ्हाइकं जन्मभर सोसलेली. खेळातला व्यापारी मात्र खुळा होता. साधा दगडी पेला, वर चार रेघांची नक्षी, की अव्वाच्या सव्वा भाव द्यायचा. एका पेल्यात पोतंभर धान्य. "असलं एक तरी गिऱ्हाईक मला आणून दे रे," असं बाबा बारक्याला म्हणायचे.

"खाट आणलीय का त्याने?" आईने विचारलं.

किल्ल्यातला बारक्या जमिनीवर झोपतो हे तिच्या लक्षात आलं होतं. डोंगर उघडाबोडका, तिथे लाकूड कुठून येणार? झोपायचे सगळेच जमिनीवर, पण बाकीच्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

बाबांनी व्यापाऱ्याचा माल पाहिला. "आहे. एकच आहे."

"देईल ना पण? नाही म्हणणार नाही ना?"

"न द्यायला काय झालं? दोन पेल्यांत देईल."

"दोनच नका ठेवू."

बाबांनी चार ठेवले. मग आणखी चार. मग त्यांचा हात थांबेना. वर्षभर कोरलेले सगळे पेले, हाडाच्या फण्या, खडे जडवलेली तबकं, कोठीत होतं नव्हतं ते सगळं त्यांनी व्यापाऱ्यापुढे मांडलं.

"अहो, ह्यातूनच धान्य घ्यायचं होतं ना? कोठार रिकामं झालंय म्हणालात."

"आधी खाट."

आईलाही तेच हवं होतं.

सौदा झाला. हा माणूस शुद्धीवर यायच्या आत निघालेलं बरं, अशा घाईने व्यापाऱ्याच्या गाड्या दरवाजाबाहेर पडल्या. खाट उचलायला बारक्याच आला.

"त्यालाच कशाला लावलंत उचलायला?"

"मी नाही लावलं. त्याचं कामच आहे ते."

आपली खाट पाठीवर घेऊन तो लांबलचक बोळातून चालत गेला. खोलीत भिंतीला लागून ती ठेवली आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. दोघं वाट बघत बसली. मधल्या वेळात 'बाबा'ने कोरायचं सोडून दिलं होतं. 'आई' कोठारात जायची आणि रिकाम्या हातांनी परत यायची. अखेर बारक्या आला आणि खाटेवर आडवा झाला. त्याच्या डोक्यावर झोपेची खूण लुकलुकू लागली.

आईने खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात स्क्रीनच्या तळाशी लाल अक्षरं आली. बाबांनी ती वाचली आणि कपाळ चोळलं. "उपासमार सुरू झाली. माझंच चुकलं. चार पोती तरी घ्यायला हवी होती. आता व्यापारी वर्षभर फिरकत नाही."

"बारक्यालाही भूक लागली असेल?"

"लागलीच असेल. उठला की खायला शोधेल."

"आणि नाही मिळालं तर?"

बाबांनी स्क्रीनवरचं रिकामं कोठार पुन्हा उघडून पाहिलं.

"मग उठवूच नका त्याला," आई म्हणाली. "थांबवा खेळ."

बाबांनी बटण दाबलं. किल्ल्यातली सगळी माणसं होती तिथेच थबकली. खिडकीतलं ऊन स्क्रीनवर बरोबर त्या खाटेवर पडलं होतं. आई उठली आणि आवाज न करता तिने पडदा ओढून घेतला.