कम्प्युटरमधली लस

डॉक्टरसाहेबांनी स्वतःची नऊ महिन्यांची लेक मांडीवर घेतली आणि सिस्टरला गोवराची लस काढायला सांगितलं. मी कम्प्युटरवर पोरीचं नाव उघडलं आणि आरोग्य केंद्रातल्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “कम्प्युटरमध्ये लस दिलेली दाखवतेय. दोनदा देता येत नाही, साहेब.” वाक्य त्यांचंच होतं. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावरून त्यांनी ते माझ्या तोंडावर फेकलं होतं. आकडा पुरा दिसावा म्हणून आमच्या अख्ख्या गावाच्या लसी त्यांनी न टोचताच कम्प्युटरवर चढवल्या होत्या, आणि मी माझ्या ललितला कडेवर घेऊन आले तशीच परत गेले. गोवराने पोरगं गेलं. मग मी नंदुरबारला कम्प्युटर शिकले आणि हीच खुर्ची मिळवली. साहेबांनी मला ओळखलंसुद्धा नाही. आजची खोटी नोंद सकाळी मीच केली होती. “कोणी चढवलं हे?” साहेब ओरडले. “पोर समोर धडधडीत दिसतेय. तिच्याकडे बघायचं की कम्प्युटरकडे? टोचा, सिस्टर!” सिस्टरने सुई टोचली, पोर रडली. पोरीशी माझं वैर नव्हतं. मला हे त्यांच्या तोंडून, चारचौघांत वदवून घ्यायचं होतं. मी ललितची काळ्या मण्यांची मनगटी पदराच्या गाठीतून सोडली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. “मन्हा ललित बी आसाच तुमना समोर व्हता, सायेब.”