ऋण गुणिले ऋण

सातवीच्या वर्गात एकतीस मनगटांवरच्या एकतीस पट्ट्या हिरव्या होत्या. समजलं की पट्टी आपोआप हिरवी, शंका आली की लाल. घंटा होताना किमान पंचवीस हिरव्या असल्या, तरच शाळेचं गणित-विज्ञान अनुदान चालू राहणार होतं आणि अर्धी बांधलेली प्रयोगशाळा पुरी होणार होती. विस्तार अधिकारी डहाके मागच्या बाकावर बसून पट्ट्या मोजत होते.

खोब्रागडे मॅडमनी मुद्दाम पाठ झालेला नियम घेतला होता.

"ऋण गुणिले ऋण?"

"धन," वर्ग एका सुरात म्हणाला.

पाच मिनिटं उरली असताना श्रावस्ती उभी राहिली. आज शंका विचारायची नाही, असं मॅडमनी तिला सकाळीच बजावलं होतं.

"मॅडम, पण धनच का येतं?"

"नियम आहे, बाळा. बस."

"नियम येतो मला. का, ते विचारतेय."

शेजारच्या मुलीची पट्टी लाल झाली. मग तिच्या मागची, मग अख्खी रांग.

"बावीसवर आलात मॅडम," डहाके म्हणाले. "तिला बसवा आणि दुसरं काही सोपं घ्या. अजून वेळ आहे."

शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांनाही पट्टी सक्तीची होती. मॅडमनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं त्या हाच नियम शिकवत होत्या, आणि पट्टी लाल होती.

"साहेब, तुम्हीच सांगता का मुलांना, का येतं ते?"

डहाकेंनी शर्टाची बाही हळूच खाली ओढली. पांढऱ्या कापडातूनही लाल दिसत राहिलं.